काम नसलेल्या दिवसांचा हिशेब

कोल्हापुरात एखाद्या मुलीने घरी येऊन 'मला नाटकात काम करायचे आहे' असे सांगितले, तर फारसे आभाळ कोसळत नाही. कुणाच्या तरी आजोबांनी जयप्रभा स्टुडिओत ढाल-तलवार घेऊन मावळ्यांच्या गर्दीत धाव घेतलेली असते, कुणाचे काका गणेशोत्सवातल्या सजीव देखाव्यात दरवर्षी अफजलखान होत असतात आणि गल्लीतला एखादा तरी माणूस 'आम्ही त्या पिक्चरला होतो' एवढ्या एका वाक्यावर आयुष्यभर चहा पीत असतो. आभाळ कोसळते ते पुढच्या वाक्याला, म्हणजे 'आणि यावरच मला पोट भरायचे आहे' असे तिने म्हटल्यावर. हौसेला या गावात कधी ना नव्हती, पण हौसेचा पगार कोण देणार हा प्रश्न मात्र जुना आहे.

मी बरीच वर्षे रंगमंचावरची कामे, जाहिराती, मालिकांतल्या चार-दोन दिवसांच्या भूमिका आणि या सगळ्याच्या आजूबाजूची कामे करून जगते आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले. नट म्हणून तुम्ही किती चांगले आहात यावर तुमचे नाव ठरत असेल, पण तुम्ही या व्यवसायात टिकता की नाही हे ठरते ते काम नसलेल्या दिवसांचा खर्च कोण उचलतो यावरून. वर्षातले बहुतेक दिवस असेच असतात. त्यांचा विचार न करता अभिनयाच्या करिअरविषयी जे काही बोलले जाते, ते मला अर्धवट वाटते.

शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली सुरू झाले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्ती मैदान आहे. भिंतीच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला कुस्ती, हे वर्णन पाहुण्यांना ऐकवून ऐकवून आम्ही गुळगुळीत करून टाकले आहे. मला त्यातली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. संस्थानाने पैलवानाला जो आश्रय दिला तो कुस्तीच्या दिवसापुरता नव्हता. मोठ्या कुस्त्या मोजक्याच होत, बाकीचे दिवस निव्वळ मेहनतीचे असत आणि त्या दिवसांचा खुराक आश्रयातून चालत असे. अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक म्हणून या गावात राहिले, तेव्हा त्यांच्या मैफलींबरोबर त्यांचा रियाज आणि शिष्यांना शिकवण्याचा काळही त्या आश्रयात धरलेला होता.

नाटक मंडळ्यांनी हीच व्यवस्था आपल्या परीने केली. केशवराव भोसले अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले, मुलीच्या भूमिका करून गाजले आणि १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' ही मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. या वयातल्या मुलांना आम्ही आज नाट्यशिबिरात 'आधी मोठ्याने वाचायला शिका' असे सांगत असतो. कंपनीतला नट कंपनीच्या बिऱ्हाडात राही, कंपनीच्या पंगतीत जेवे आणि कंपनीबरोबर गावोगाव फिरे. प्रयोग नसला तरी चूल पेटलेली असे. त्या आयुष्याला गोंजारण्याचे कारण नाही. कोवळ्या मुलांना घरापासून तोडून, शाळा सोडवून तिथे राबवले जाई आणि मालकाची मर्जी फिरली की बिछाना गुंडाळावा लागे. केशवराव स्वतः १९२१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. पण रिकाम्या दिवसांचे ओझे नटाच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

पुढे सिनेमा आला, तोही याच धर्तीवर. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम यांनी पडेल ते काम करत उमेदवारी केली. जून १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी केली आणि तिथे कलावंत महिन्याच्या पगारावर असत. १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट, 'अयोध्येचा राजा', याच गावात तयार झाला आणि त्यातल्या तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गा खोटे मुंबईहून इकडे आल्या. आज महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर पाय दुमडून ऑडिशनला निघालेल्या आमच्या पोरांना मी हे आवर्जून सांगते: एके काळी गाडी कामासाठी उलट्या दिशेने भरत होती. अर्थात लगेच १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली. जावे की राहावे हा कोल्हापूरच्या कलावंताचा प्रश्न तेव्हापासूनच सुरू झाला असावा, असे मला वाटते.

आज पगारी नट जवळजवळ उरलेला नाही. व्यावसायिक नाटकात नटाला 'नाईट' मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे मानधन. पावसाने प्रयोग रद्द झाला, प्रमुख नटाचा घसा बसला, परीक्षांच्या दिवसांत बुकिंग पडले, तर नाईट नाही. मालिकेत दिवसाच्या हिशेबाने पैसे ठरतात आणि ते हाती पडायला साधारण नव्वद दिवस लागतात, म्हणजे दिवाळीआधी केलेल्या कामाचे पैसे संक्रांतीनंतर येतात. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा वाटा जातो आणि उरलेल्या रकमेतून, त्या कामासाठी मुंबईला केलेल्या फेऱ्यांचे भाडे आपण मनातल्या मनात वजा करत बसतो. नवीन मुलांना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला स्वतःची मिळकत उघडी पडण्याची लाज वाटते.

आमच्यासारख्यांचे खरे शिक्षण हौशी रंगभूमीवर झाले. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा हा कोल्हापूर केंद्रावरचा वर्षाचा सण असतो. त्याआधीचे दोन-तीन महिने बँकेतले, शाळेतले, एमआयडीसीतले लोक कामावरून सुटले की डबा आटोपून कुणाच्या तरी वर्गखोलीत जमतात, बाके भिंतीला लावतात आणि खडूने जमिनीवर दारे-खिडक्या आखतात. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्र आणायचे असते, नेपथ्याचे सामान टेम्पोत घालायचे असते, आणि नायिकेलाच आदल्या रात्री पडद्याला हेम घालत बसावे लागते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर शिक्षक म्हणून निवृत्त झालेले होते. तालमीला ते कधीही पुढे बसत नसत. सभागृह मिळालेल्या दिवशी सरळ शेवटच्या रांगेत, खांबाआडच्या खुर्चीत जाऊन बसत आणि एखादा शब्द ऐकू आला नाही की काहीही न बोलता उजवा हात वर करत. हात वर गेला की वाक्य पुन्हा. ओरडून म्हटले तरी हात वरच राही, कारण आवाज पोचत होता पण शब्दाचे शेवटचे अक्षर गिळले जात होते. 'गेला' आणि 'गेले' यांतला फरक खांबाआडच्या माणसाला कळला पाहिजे, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितले नाही. पण तो हात खाली यावा म्हणून आम्ही श्वास कुठे घ्यायचा ते शिकलो.

जाहिरातीत यातले बहुतेक काही लागत नाही आणि जे लागते ते इथे कुणी शिकवत नाही. अंधेरी-वर्सोव्याकडच्या आरामनगरात जुन्या बैठ्या बंगल्यांच्या गल्ल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक घरांत कास्टिंगची कार्यालये थाटलेली आहेत. बाहेर रांग, दारात नावनोंदणी, आतल्या भिंतीला एकरंगी कापड, दोन दिवे आणि स्टँडवर लावलेला कॅमेरा किंवा साधा मोबाइल. नाव, वय, उंची, कुठे राहता हे सांगायचे, डावीकडे वळायचे, उजवीकडे वळायचे, दोन्ही हात पुढून आणि मागून दाखवायचे. मग समोरचा मुलगा सांगतो की चहाचा पहिला घोट घेतला आहे आणि सासूबाई पहिल्यांदाच हसल्या आहेत, असा चेहरा करा. कप नसतो, सासूबाई नसतात आणि वेळ पाच सेकंदांचा असतो. माझ्या आधीच्या बाईला त्याने 'नॉट फिट' म्हणून बाहेरच्या बाहेर परत पाठवले होते, तिची अभिनयाची परीक्षा न घेताच, आणि त्यात त्याचे काही चुकलेही नव्हते. त्याच्याकडच्या कागदावर तीस ते पस्तीस वयाची, मध्यम उंचीची गृहिणी हवी असे लिहिलेले होते आणि ती बाई पन्नाशीची होती. नाटकात नकार आला तर तो आपल्या कामाला आला असे म्हणता येते आणि त्यावर मेहनत करता येते. इथला नकार चेहऱ्याच्या मापाला असतो आणि त्यावर कसलीच मेहनत चालत नाही. हा फरक लवकर पचला नाही, तर चांगली चांगली मुले दोन वर्षांत कडू होऊन परततात, हे मी पाहिले आहे.

तरीही जाहिरातीला कमी लेखणाऱ्या आमच्या काही रंगकर्मींशी माझे पटत नाही. एका बिस्किटाच्या जाहिरातीत मला फक्त एक घास खाऊन मुलीकडे पाहायचे होते. माझ्या पायाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, एक प्लॅस्टिकची बादली ठेवलेली होती. घास घ्यायचा, हसायचे, 'कट' झाले की घास बादलीत थुंकायचा, चूळ भरायची आणि नवे बिस्किट हातात घ्यायचे. प्रत्येक वेळी दात त्याच कोपऱ्यावर, तितकेच खोल बसले पाहिजेत, नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत. दुपारपर्यंत माझ्या टाळूची चव गेली होती, तरी डोळ्यांत पहिल्या घासाचे नवल आणायचे होते. शंभराव्या प्रयोगाला नटाकडून याहून वेगळे काय मागितले जाते? त्या एका दिवसाच्या मानधनावर मी पुढे स्पर्धेच्या नाटकाची संपूर्ण तालीम दुसरे कुठलेही काम न घेता करू शकले. पूर्वी दरबार जे करी ते त्या बिस्किटाने केले, असे मी गमतीने म्हणते, पण त्यात गंमत थोडीच आहे.

जाहिरातीचा करार मात्र डोळे उघडे ठेवून वाचावा लागतो. जाहिरात किती काळ चालणार, टीव्हीवर की फक्त मोबाइलवर, होर्डिंगवर चेहरा लागणार का, कोणत्या राज्यांत लागणार आणि त्या मुदतीत तशाच दुसऱ्या मालाची जाहिरात करायला मनाई आहे का, या प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत. एका टूथपेस्टला हसून दाखवले की करार संपेपर्यंत बाकीच्या टूथपेस्ट बंद, हे मानधन ठरवतानाच धरले पाहिजे. गावातल्या जाहिराती तर बहुधा तोंडी व्यवहारावरच होतात. एका कपड्यांच्या दुकानाने माझे मानधन साडीच्या रूपाने दिले आणि माझा चेहरा महामार्गावरच्या फलकावर ऊन-पाऊस खात दोन दिवाळ्या टिकला. साडी चांगली होती, हे कबूल केले पाहिजे. याहून वाईट प्रकार म्हणजे नोंदणीच्या, कार्डाच्या किंवा फोटोच्या नावाखाली होतकरू मुलांकडूनच पैसे उकळण्याचा. काम देणारा माणूस नटाला पैसे देतो, मागत नाही. जिथे ऑडिशनसाठी पैसे भरायला सांगतात, तिथून चप्पल घालून निघावे. आणि मुलींनी ऑडिशनची वेळ रात्रीची व जागा हॉटेलची खोली असेल, तर चप्पल काढूच नये.

मुंबईला जाऊन राहावे का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. टाळेबंदीनंतर पहिल्या फेरीच्या कितीतरी ऑडिशन घरून चित्रित करून पाठवता येऊ लागल्या, त्याला 'सेल्फ टेप' म्हणतात. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी माजघराच्या भिंतीला निळी चादर लावून मी त्या करते आणि शेजारचा कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबेपर्यंत थांबते. सातारा आणि कोल्हापूर परिसरात मालिकांची चित्रीकरणे होतात, मोरेवाडीला चित्रनगरी आहे, त्यामुळे दर कामासाठी बिऱ्हाड हलवण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण दुसरी फेरी उद्या दुपारी आहे असा निरोप संध्याकाळी सात वाजता येतो आणि सुमारे पावणेचारशे किलोमीटरवरच्या माणसाला त्याच रात्रीची गाडी पकडावी लागते. मालाडला चौघांत खोली घेऊन राहणारा मुलगा तेवढ्या वेळात झोप काढून, दाढी करून पोचलेला असतो. दिग्दर्शकांच्या नजरेसमोर असण्याचा फायदा घरी बसून मिळत नाही, हे खरेच आहे. मात्र त्या खोलीचे भाडे भरण्यासाठी तो मुलगा दिवसभर दुसरीकडे राबत असेल आणि वर्षभर रंगमंचावर पाऊल ठेवत नसेल, तर तो मुंबईत राहून अभिनयापासून माझ्यापेक्षा लांब आहे, असे माझे मत आहे. हे मत मुंबईतल्या माझ्या मित्रांना मान्य नाही.

आमच्या बोलीचे एक वेगळेच त्रांगडे आहे. कोल्हापूर म्हटले की पडद्यावर रांगडा, फेटेवाला, मिसळीवर ताव मारत दर वाक्याला डरकाळी फोडणारा माणूसच हवा असतो. आमच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असे सहज बोलतात, तेवढ्यावर कास्टिंगच्या खोलीत हशा पिकतो आणि 'तसंच बोला, पण जरा जास्त' अशी सूचना येते. काम मिळते हे खरे. पण त्याच कामाचा शिक्का बसून वकिलीण, डॉक्टर किंवा साधी शांत बाई आपल्या वाट्याला येईनाशी होते. यावर माझ्यापुरता मी काढलेला उपाय म्हणजे प्रमाण मराठी, हिंदी आणि घरची बोली या तिन्ही रोज मोठ्याने वाचणे. त्यातून मला डबिंगची कामे मिळाली, आकाशवाणीच्या श्रुतिका मिळाल्या आणि लग्न सोडून बाकी सगळ्या समारंभांचे निवेदन मिळाले. लग्नाचे निवेदन मी घेत नाही, तिथे कुणीच ऐकत नसते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारे लोक पुष्कळ होते आणि त्यांत मीही होते, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहिण्यासारखे आहे ते नंतरचे. मोठा रंगमंच हातचा गेला की हौशी संस्थांचे सगळे गणित बिघडते. लहान सभागृहात नेपथ्य मावत नाही, प्रकाशयोजना बदलावी लागते, तिकीटविक्री घटते आणि नव्या नटाला शेकडो माणसांसमोर उभे राहण्याची जी सवय लागते ती लागत नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला होता आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. नाट्यगृहाचे बांधकामही सरकारी पैशातून होईल. पण शेवटच्या रांगेतून हात वर करणाऱ्या माणसाला मधल्या वर्षांत बसायला जागा कुठे द्यायची, हे आमचे आम्हालाच पाहावे लागले. त्यासाठी आम्ही एका शाळेचे पटांगण धरले आणि सरांच्या जागी आता मी बसते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिबिरातली एक मुलगी आईला घेऊन माझ्या घरी आली. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आवाज स्वच्छ, ऐकण्याची तयारी चांगली. आईने चहा अर्धा झाल्यावर सरळ विचारले, "ताई, महिन्याकाठी किती सुटत्यात?" असे नेमके विचारणारी माणसे मला आवडतात. मी कपाटातून माझी हिशेबाची वही काढून तिच्यापुढे ठेवली. त्यात त्या वर्षीचे नाटकाचे प्रयोग, मालिकेचे दिवस, एक जाहिरात, डबिंग, निवेदन आणि शिबिरांची फी असे निरनिराळे रकाने आहेत, आणि अभिनयाचे तिन्ही रकाने एकत्र केले तरी ते एकूण मिळकतीच्या निम्म्यापर्यंत पोचत नाहीत हे कुणालाही दिसावे असे आहे. बाईने बोट फिरवत प्रत्येक महिना पाहिला. जूनच्या ओळीवर बोट थांबले, कारण तिथे सगळ्या रकान्यांत रेघ होती.

"आणि आजारी पडलासा तर?"

मी आरोग्य विम्याचा हप्ता दाखवला, तो खर्चाच्या बाजूला लिहिलेला होता. बाकी या प्रश्नाला आमच्या व्यवसायात फारसे उत्तर नाही, हेही सांगितले. तिने वही मिटून माझ्याकडे दिली आणि मुलीकडे न पाहता अट घातली: बी.कॉम. पूर्ण व्हायलाच पाहिजे आणि तालीम असली तरी रात्री साडेनऊच्या आत पोरगी घरात पाहिजे. आमची तालीम साडेआठला सुरू होत असे, म्हणून आता आम्ही ती साडेसहाला सुरू करतो. बँकेतल्या दोघांना त्या वेळेला पोचता येत नाही, त्यामुळे त्यांचे प्रवेश शेवटी घेतो आणि तोवर त्यांची वाक्ये ती मुलगी वाचते. एका प्रवेशात बँकवाल्यापेक्षा ती बरी वाचते, पण ते त्याला अजून सांगितलेले नाही.